हनुवटीची चिमूट

शनिवारी सकाळी दहाला वरच्या खोलीत सगळ्यांनी बसायचं, असं थोरल्यांनी बुधवारीच सांगून ठेवलं. सांगण्याचा सूर असा, की बसून काही ठरवायचं आहे. प्रत्यक्षात ठरायचं फारसं उरलं नव्हतं. सतरंजी कोणती घालायची, कोण कुठे बसणार, आधी कोण गाणार हे त्यांनी ठरवलं होतंच, शेवटी कोणाला काय मिळणार हेही ठरवलं होतं. ते फक्त सर्वांच्या समोर व्हावं एवढीच इच्छा होती. माणूस न्यायी होता. निकाल आधी आणि सुनावणी नंतर, एवढा क्रम सोडला तर न्यायात त्यांनी कधी कसूर केली नाही.

प्रश्न वर्गाचा होता. थोरल्यांचे वडील, अण्णा, यांनी काढलेला गाण्याचा वर्ग या वरच्या मजल्यावर पंचावन्न वर्षं चालू होता. अण्णा गेल्यावर तो थोरल्यांनी सांभाळला. आता सहासष्टाव्या वर्षी त्यांचा आवाज तासाभरातच बसायला लागला, आणि घशाच्या डॉक्टरांनी आवाज किंवा वर्ग यांतलं एक निवडा म्हणून सांगितलं. वर्ग पुढे चालवायला घरात दोनच माणसं. एक थोरल्यांचा मुलगा. त्याला सगळे इंजिन म्हणत, कारण तान एकदा सुटली की तो मधल्या कुठल्याही स्टेशनवर थांबत नसे. दुसरी, धाकट्या, आता हयात नसलेल्या भावाची मुलगी, बारकी. बारकी सत्तावीस वर्षांची झाली होती आणि जिन्याच्या दारातून वाकून आत यायची, पण पाळण्यातलं नाव उंचीकडे बघून बदलत नाही.

इंजिन लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता. वर्ग मिळाला तर बरं, न मिळाला तरी त्याचं अडणार नव्हतं. बारकीला मात्र वर्गच हवा होता, दुसरं काहीच नको होतं. लहान मुलांची तुकडी सहा वर्षं तीच शिकवत होती आणि तिच्या तुकडीतलं एकही मूल मधेच सोडून गेलं नव्हतं. थोरल्यांच्या तुकडीबद्दल असं म्हणता आलं नसतं, आणि कोणी म्हणतही नसे.

अडचण एकच होती. संथ गाण्यात बारकी इंजिनाच्या कितीतरी पुढे. पण द्रुत तान आली, सुरांची माळ भरभर ओढायची वेळ आली, की पाचव्या-सहाव्या सुरावर तिचा गळा आवळायचा. गेल्या वर्षी भरल्या सभागृहात ती तानेच्या मध्यावर थांबली होती. तीन सेकंद. घरातल्यांनी ते मोजले होते, आणि हकिगत सांगताना दर वेळी एकेक वाढवत आता अकरापर्यंत नेले होते.

तान घ्यायची तीही साधी नाही, चिमूट धरून. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात हनुवटी पकडायची, किंचित वर दाबायची, आणि मग तान सोडायची. अण्णा अशीच घेत. जिन्यातल्या पाटीवर अण्णांचं चित्र होतं ते चिमूट धरलेलं, आणि वर्गाच्या प्रमाणपत्रांवर तर माणूस काढून टाकून नुसती हनुवटी आणि दोन बोटंच छापली होती. या घरात कोण शिकलंय हे ओळखायला गाणं ऐकावं लागत नसे. हनुवटीखाली डाग बघितला की झालं.

थोरल्यांची अट सरळ होती. द्रुत तानेची चार आवर्तनं, चिमूट धरून, न अडता. ज्याला जमेल त्याचा वर्ग. अट सांगताना त्यांनी बारकीकडे बघितलं नाही, कारण तिला ती जमणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तिच्याबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

*

तळमजल्यावर टायपिंगचा वर्ग होता. तो बारकीच्या आईचा. तिला सगळे खालच्या वहिनी म्हणत, आणि म्हणताना जरा खालीच बघत. या घरात तीस वर्षांपूर्वी लग्न करून आल्या तेव्हा त्यांना एक ओळ गाऊन दाखवायला सांगितली होती. त्यांनी दाखवली. पुन्हा कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून वर गाणं आणि खाली खटखट, अशी वाटणी. खटखटीनं वरची लय बिघडते ही तक्रार वर्षातून दोनदा खाली यायची. खालच्या वहिनी शांतपणे खिडकी लावून घेत आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडत.

पण तीस वर्षं छतातून तान ऐकत बसलेल्या बाईला काही कळत नसेल असं नाही. बुधवारी शेवटची तुकडी गेल्यावर बारकी येऊन स्टुलावर बसली आणि शनिवारचं सांगितलं. वहिनींनी मशीनवरचं झाकण घालता घालता ऐकून घेतलं.

"तुझं पाचवं अक्षर जड पडतं," त्या म्हणाल्या.

"अक्षर नाही गं आई. सूर."

"जे असेल ते. पाचवं जड पडतं, ते भरून काढायला सहाव्याला तू घाई करतेस, मग सगळी एकमेकांवर चढतात. नव्या मुलांचं हेच होतं. त्यांना वाटतं आपली बोटं हळू आहेत. बोटं हळू नसतात, घाबरलेली असतात."

बारकीनं विचारलं, मग त्या मुलांना काय सांगतेस. वहिनींनी झाकण पुन्हा काढलं. आताच्या तुकड्या संगणकाच्या कळफलकावर शिकत; पण एक जुनं, लोखंडी मशीन त्यांनी ठेवून दिलं होतं, कारण त्यावर चूक झाली की ती कागदावर राहते आणि पुसता येत नाही. बारकीला तिथे बसवलं. दोन्ही हात मधल्या ओळीवर. तोंडानं सूर लावायचा, एका सुराला एक कळ. चार-चारचे गट. वेग तिला येतो त्याच्या निम्म्याहून कमी. दहा वेळा एकसारखं आलं तरच एक गट पुढे. नवव्यांदा चुकलं तर पुन्हा एकपासून.

"आणि वेग कधी वाढवायचा?"

"तू नाही वाढवायचास. तो मागायला गेलं की येत नाही."

बुधवार असाच गेला, फार कंटाळवाणा. गुरुवारी सकाळी तिसऱ्या गटापर्यंत पोचली आणि आईनं तिला दोनदा उठवून पाणी प्यायला लावलं, कारण खांदे कानांपर्यंत गेले होते. दुपारी केव्हातरी बारकीच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत. रोजच्या जिन्यावरून पायऱ्यांकडे न बघता उतरावं तसा आवाज उतरत होता, पाचवा सूर कुठे गेला तेही कळलं नव्हतं. ती थांबली, पुन्हा केलं. पुन्हा आलं. वहिनी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण लाल पेन थांबलं होतं.

बारकी धावत वर गेली, वरच्या रिकाम्या खोलीत बसली, चिमूट धरली आणि तीच तान घेतली. पाचव्या सुरावर गळा आवळला. तीनदा केलं, तीनदा आवळला. खाली आली ती रडवेली.

वहिनींनी तिला ते पुन्हा करून दाखवायला लावलं, समोर, उभं राहून. मग बराच वेळ तिच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"हात काढून बघ."

"चिमूट सोडू?"

"मी काय सांगणार, मला गाण्यातलं कळत नाही. पण माझ्याकडे टायपिंगला बसलेल्या मुलीनं एका हातानं स्वतःची हनुवटी धरून ठेवली, तर मी तिला आधी हात खाली घ्यायला सांगेन."

बारकीनं हात खाली घेतला. जबडा सैल पडला, जीभ आपोआप खाली बसली, आणि तान निघाली. जिन्याच्या तोंडाशी दाजी उभे होते, सायकलचं कुलूप हातात घेऊन. दाजी म्हणजे थोरल्यांच्या मोठ्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पन्नास वर्षं लोकांच्या कवळ्या बनवून आता निवृत्त झालेले. आक्कांचा निरोप द्यायला आले होते, तो न देताच परत गेले.

*

शनिवारी दहाला पाच कमी असताना सगळे बसले. थोरले भिंतीशी, अण्णांच्या फोटोखाली. आक्का त्यांच्या उजवीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. इंजिनाची आई लवकर गेल्यामुळे तो त्यांच्याच हाताखाली वाढला होता, तेव्हा त्यांचं मत कुठे पडणार हे विचारायची गरज नव्हती. खालच्या वहिनी दाराजवळ, जिथे त्या नेहमी बसत, अर्ध्या खोलीत आणि अर्ध्या जिन्यात. दाजींना थोरल्यांनी आपल्या डावीकडे बसायला सांगितलं होतं. ते जाऊन वहिनींच्या शेजारी बसले. थोरल्यांनी भुवई उंचावली. दाजी म्हणाले, पाय लांब करायला जागा लागते.

इंजिन आधी गायला. चिमूट धरली, तान सोडली, चार आवर्तनं एका दमात ओढली आणि समेवर येऊन आदळला. कुठे अडला नाही. शेवटी चेहरा लालबुंद झाला होता आणि हनुवटीवर दोन पांढरे ठसे होते. थोरल्यांनी मान हलवली. बारकीनंही हलवली, कारण इंजिन तिचा भाऊ होता आणि मेहनत मेहनतच असते.

मग ती बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोरल्यांना वाटलं, अजून चिमूट धरायची आहे, धरेल. तिनं हात हलवलेच नाहीत.

थोरल्यांनी या खोलीत हजारो ताना ऐकल्या होत्या आणि ऐकताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर आवर्तनं मोजत. ही त्यांची सवय. झोपेतही चुकत नसे. पहिल्या आवर्तनात त्यांनी मोजलं. दुसऱ्यातही. पाचवा सूर आला तेव्हा त्यांनी, का कोण जाणे, श्वास धरला. सूर आला तसा गेला. तान वर गेली, वळली, सावकाश असावी इतक्या सहजपणे खाली आली, आणि ती द्रुत होती हे समेवर आल्यावर कळलं. बारकीचा चेहरा बोलताना असावा तसा होता. संपलं तेव्हा थोरल्यांच्या लक्षात आलं की तिसऱ्या आवर्तनानंतर आपली बोटं थांबली आहेत.

शेवटी थोरल्यांनीच घसा साफ केला.

"तान चांगली होती," ते म्हणाले. "पण आपली नाही."

दारातून खालच्या वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, पडली कुठे?"

"पडली नाही."

"अडली?"

"अडली नाही. प्रश्न तो नाही. या खोलीत अण्णांची तान शिकवतात. चिमूट नाही, तर ती अण्णांची नाही. बाहेर कुठेही गाऊ दे, मी टाळी देईन. पण वर्ग..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं, म्हणजे तोडण्याचा वाईटपणा दुसऱ्या कोणाकडे जावा.

बारकी हातांकडे बघत होती. इंजिनानं हनुवटी चोळत म्हटलं की बाबा, खरं सांगायचं तर माझी तान झाली की अर्धा तास जबडा दुखतो, हिचा दुखत नसावा. थोरल्यांनी त्याला गप्प बसवलं. आक्का पदराचं टोक सरळ करत होत्या आणि दाजींकडे बघत होत्या. बावन्न वर्षांच्या संसारात ज्या नजरेनं बाई नवऱ्याला बोल किंवा बोलू नकोस यांतलं एक सांगते, तशी ती नजर होती. कुठलं ते दाजींनाच कळलं असणार.

"ती खूण अण्णांची नाही," दाजी म्हणाले. "माझी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कवळीचं माप सांगावं तितक्या सरळ. अण्णांचे खालचे दात सत्तेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांच्या दुखण्यानं गेले. गवयाचे दात गेले हे बाहेर कळू नये म्हणून ते कवळ्यांच्या कारखान्यात मागच्या दारानं आले. मालक नव्हते. दाजी तेव्हा तिथे शिकाऊ होते. त्यांनीच साचा घेतला. साचा तोंडात असताना अण्णांनी आवंढा गिळला आणि तो जागचा हलला. नवा घ्यायला हवा होता. नवा मागायची दाजींना लाज वाटली, एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा तोंड उघडून बसवायचं. खालची कवळी बनली ती सैल. ती द्यायला दाजी या घरी आले तेव्हा दार आक्कांनी उघडलं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत होतं. लग्न ठरल्यानंतरच्या पहिल्या मैफलीत होणारे जावई म्हणून दाजी पहिल्या ओळीत बसले होते. द्रुत तान आली, कवळी उचलली जायला लागली, आणि अण्णांनी हनुवटीला चिमूट लावून ती दाबून धरली.

"मला तिथेच कळलं. लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी मी येऊन म्हटलं, अण्णा, कवळी द्या, दहा मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, राहू दे, लोकांना आवडलंय."

इंजिन हसला. हसू नये हे त्याला कळत होतं, पण लिफ्टमध्येही असंच होतं, एक आटा सैल राहिला की पुढे सगळी इमारत जिन्यानं जाते, असं काहीतरी तो पुटपुटला. दाजींनी रुमालानं कपाळ टिपलं. पन्नास वर्षांत त्यांनी हजारो कवळ्या बसवल्या होत्या आणि गावात त्यांच्या हाताचं नाव होतं. पाटीवरची एक सोडून.

थोरले ताठ बसले होते. "मी चौदा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "मी रोज त्यांच्यासमोर बसत होतो. असं काही असतं तर मला दिसलं असतं."

"तू संध्याकाळी बसायचास," आक्का म्हणाल्या. त्या इंजिनाच्या बाजूनं बसल्या होत्या, पण आता कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हत्या. "पहाटेच्या रियाजाला ते दार लावून घ्यायचे. कवळी पेल्यात काढून ठेवायचे. पेला मी धुवायचे, म्हणून मला माहीत. तेव्हा हात मांडीवर असायचे. आत्ता हिचे होते तसे. आणि तान अशीच यायची."

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"सांगितलं की. तू चिमूट धरलीस की म्हणायचे, हात खाली ठेव. रोज म्हणायचे."

हे खरं होतं. थोरल्यांना ते इतकं स्पष्ट आठवत होतं की कोणीतरी ते मोठ्यानं म्हणावं याचाच त्यांना राग आला. हात खाली ठेव. चौदाव्या वर्षी त्यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की आपण अजून चिमटीच्या लायकीचे झालो नाही. म्हणून दोन वर्षं गच्चीवर एकट्यानं चिमूट घोटली, हनुवटी सोलपटेपर्यंत. पहिल्या कार्यक्रमात लोकांसमोर ती धरली, तेव्हा समोर बसलेल्या अण्णांनी मान खाली घातली होती. ती मान भरून आल्यामुळे खाली गेली, हे थोरल्यांनी आयुष्यभर कितीतरी जणांना सांगितलं होतं.

थोरले उठले. गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारखे, दोन टप्प्यांत.

"सोमवारी सातची तुकडी आहे," ते म्हणाले. "मोठ्यांची. बारकी घेईल." दारापर्यंत गेले आणि वळले. "पाटीचं काय करायचं ते नंतर बघू."

दाजींनी विचारलं, रागावलास का. थोरले म्हणाले, दहा मिनिटांचं काम होतं ना, आणि खाली उतरले. इंजिनानं बारकीच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं की त्या लोखंडी मशीनवर कोणालाही बसता येतं का, की बोटांचा डॉक्टर लागतो. बारकी हसायला गेली, पण रडूच आलं. आक्कांनी पदर पुढे केला.

*

त्याच दुपारी चारला टायपिंगच्या वर्गाचं दार वाजलं. खालच्या वहिनींनी आत या म्हणून सांगितलं, तेव्हा थोरले आत आले. तक्रारी नेहमी निरोपानं यायच्या; ते स्वतः या खोलीत धाकट्याच्या अकराव्यानंतर आले नव्हते. त्यांनी रांगेतल्या यंत्रांकडे, खिडकीकडे, भिंतीवरच्या बोटांच्या तक्त्याकडे बघितलं. उजवा हात हनुवटीकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात गेला.

शेवटची मुलगी पेपर देऊन गेली.

"हे तुमचं टायपिंग," थोरले म्हणाले, "सुरुवात कुठून करायला लावता?"

"मधल्या ओळीपासून."

"आणि वेग?"

"पहिले तीन महिने मी त्याचं नावही काढत नाही."

थोरल्यांनी बारकीचं स्टूल ओढलं. ते त्यांना बुटकं होत होतं. वहिनींनी लोखंडी मशीनमध्ये कोरा कागद सरकवला आणि बोटानं जागा दाखवली, डावा इथे, उजवा इथे. थोरल्यांनी दोन्ही हात ठेवले. हनुवटी उघडी पडली, खालचा जुना डाग उजेडात आला. एक कळ दाबली आणि तिच्याबरोबर, बाहेर ऐकू जाऊ नये इतक्या हळू, एक सूर लावला. मग दुसरा. तिसऱ्याला घाई झाली.

"पुन्हा," खालच्या वहिनी म्हणाल्या.